स्पोकन इंग्लिश, पहिला मजला

इंग्रजी बोलायला शिकायचं म्हटलं की पूर्वी 90 दिवस लागत. पाट्यांवर तसं स्पष्ट लिहिलेलं असे. पुढे 60 झाले, मग 30, आणि परवा अप्पा बळवंत चौकातून येताना एका विजेच्या खांबावर 21 दिवसांची हमी वाचली. खाली बारीक अक्षरात 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट मोफत' असंही होतं. खुद्द इंग्रजांना हा हिशेब कळला तर त्यांना वाईट वाटेल. त्यांच्या पोरांना नीट बोलता यायला चार-पाच वर्षं जातात, आणि पर्सनॅलिटीचं तर पुढेही काही सांगता येत नाही.

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत असा एक क्लास आहे. क्लास पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मधल्या डक्टमधून खालच्यांच्या फोडणीचा वास वर येतो आणि त्याच वाटेनं फ्यूचर परफेक्ट टेन्सही येतो. संध्याकाळी सात वाजले की वीस-पंचवीस माणसं एका सुरात 'आय शॅल हॅव गॉन' म्हणतात आणि बराच वेळ कुणीही कुठं जात नाही. फी न भरता मी इथल्या अनेक बॅचेस पुऱ्या केल्या आहेत. सर्टिफिकेट मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

बॅच बदलते, माणसं तीच असतात. बार्शीचा किंवा उदगीरचा एक इंजिनिअर असतो. त्यानं चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स इंग्रजीतून वाचलेलं असतं, पेपर इंग्रजीतून लिहिलेले असतात, पण या चार वर्षांत इंग्रजी त्याच्या तोंडातून बाहेर पडण्याचा प्रसंग एकदाच आलेला असतो, तोंडी परीक्षेला, आणि तेव्हाही बाहेरून आलेले परीक्षक नांदेडचे निघालेले असतात. एक बँकेतले काका असतात. बढतीनंतर झोनल ऑफिसच्या मीटिंगमध्ये गप्प बसून बसून त्यांची मान आखडलेली असते. एक आजी असतात. मुलगा सॅन होजेला, सून बाळंत व्हायची, व्हिसा झालेला, आता विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी गाठ आहे. आणि यंदाच्या बॅचला एक पोळीवाल्या मावशी आहेत. कल्याणीनगरात एका जर्मन कुटुंबाकडे स्वयंपाकाचं काम मिळतंय, पैसे दुप्पट, फक्त मालकिणीशी बोलता यायला हवं.

शिकवण्याची सुरुवात 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'पासून होते. या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात एकच आहे. "मायसेल्फ अमुक अमुक. माय फादर इज फार्मर. माय मदर इज हाउसवाइफ. माय हॉबीज आर रीडिंग बुक्स अँड लिसनिंग म्युझिक. माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क. माय वीकनेस इज, आय ट्रस्ट पीपल ईझिली." पुढे मुलाखतीतही तीस मुलं लागोपाठ हेच सांगतात. सगळ्यांनी सगळ्यांवर सहज विश्वास ठेवलेला असतो, तरी समोरच्या एचआरच्या बाईंचा मात्र एकावरही बसत नाही.

लोक म्हणतात पोरांना इंग्रजी येत नाही. मला ते पटत नाही. हाच प्रश्न मराठीत विचारून बघा. "काय, स्वतःबद्दल सांगा काहीतरी." समोरचा गृहस्थ दोन्ही हात चोळेल आणि म्हणेल, "काय सांगायचं, चाललंय." अख्खं आयुष्य, त्यातली लग्नं, कर्जं, आजारपणं आणि प्लॉटची भांडणं, एका 'चाललंय'मध्ये बसतात. स्वतःबद्दल बोलू नये, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, विचारल्याशिवाय बोलू नये, जेवताना तर मुळीच बोलू नये, असं वीस वर्षं सांगून वाढवलेल्या मुलाला आपण एकविसाव्या वर्षी एका काचेच्या खोलीत बसवतो आणि दोन मिनिटं स्वतःचं कौतुक कर म्हणतो, तेही परक्या भाषेत.

परदेशी शिकायला निघालेल्यांची गत याहून अवघड. आयईएलटीएस नावाच्या परीक्षेत बोलण्याची चाचणी 11 ते 14 मिनिटांची असते. मधल्या भागात हातात एक चिठ्ठी देतात, विचार करायला एक मिनिट, आणि मग एक-दोन मिनिटं न थांबता बोलायचं. विषय असे: तुम्हाला मिळालेली एखादी भेटवस्तू, तिचं वर्णन करा आणि ती का आवडली ते सांगा. आता आपल्याला मिळालेल्या भेटवस्तू म्हणजे लेमन सेट आणि भिंतीवरची घड्याळं. त्या आवडत नसतात, पुढच्या लग्नात फिरवायच्या असतात. हे खरं उत्तर फार ओघवतं होईल, शब्दसंपत्तीही दिसेल, पण मुलं ते देत नाहीत. ती घाम पुसत एका काल्पनिक कॅमेऱ्याविषयी बोलतात.

बोलण्याचा आणि इंग्रजीचा संबंध आपल्या शाळेनं कधी फारसा मानलाच नाही, हेही खरं. वडिलांच्या पिढीला इंग्रजी आठवीपासून होतं, आम्हाला पाचवीपासून, आणि 2000 सालापासून ते मराठी शाळांतही पहिलीला आलं. प्रत्येक वेळी खात्री दिली गेली की आता पोरं बोलतील. जुन्या लोकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटल्या आणि ते फार शुद्ध अर्ज लिहू लागले. आमच्या हाती रेन आणि मार्टिन यांचं व्याकरणाचं पुस्तक आलं. यातल्या पी. सी. रेनविषयी मला नेहमी कुतूहल वाटतं. हा माणूस मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, पण त्याचं नाव जगभर झालं ते 1924 च्या 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे. तीन भाऊ, नीलमण्याची चोरी, घरातून पलायन, वाळवंटातली फ्रेंच पलटण, वेढा, गोळीबार! इतका मसाला जवळ असताना त्यानं आपल्यासाठी काय ठेवलं, तर कर्तरी-कर्मणी.

राम किल्ड रावण, रावण वॉज किल्ड बाय राम. दोन्हीकडून रावणच मेला, मार्क मात्र दोन. नंतर तो रोगी, जो डॉक्टर येण्यापूर्वीच गेलेला असे. त्याच्या जिवावर पास्ट परफेक्ट शिकलेल्यांच्या कैक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. इतकी वर्षं इंग्रजी शिकून आम्हाला मृत्यूविषयी निर्दोष वाक्यं रचता येऊ लागली. चहा मागायचा झाला तर पंचाईत.

या दुखण्यावर जगात बरंच संशोधन झालेलं आहे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत घातली होती. वर्षानुवर्षं दिवसभर फ्रेंच ऐकून त्यांना सगळं समजायला लागलं, बोलणं मात्र लंगडंच राहिलं. मेरिल स्वेन या बाईंनी 1985 मध्ये त्याचं कारण मांडलं ते कुणाही सासूला सुचलं असतं: त्यांना बोलायला भागच पाडलं नव्हतं. नुसतं ऐकून भागत असेल तर माणूस तोंड कशाला उघडेल? आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी 1979 पासून पाच वर्षं बंगळूर, मद्रास अशा दक्षिणेतल्या काही शाळांत उलटा प्रयोग केला. व्याकरणाचे धडे गुंडाळून ठेवले आणि मुलांसमोर रेल्वेचं वेळापत्रक टाकलं. ही गाडी चुकली तर पुढची कुठली, कुठं बदलायची, कधी पोचणार, हे इंग्रजीत सोडवा. गाडी पकडायच्या नादात पोरं भाषा पकडतील अशी कल्पना. प्रयोगाचं नाव जगभर झालं, पुस्तकं निघाली. आमच्या खालच्या क्लासपर्यंत तो अजून आलेला नाही. गाडी लेट असावी.

खालच्या सरांनी केलेला प्रयोग वेगळा होता. त्यांनी 'नो मराठी' असा फलक लावला आणि मराठी शब्दाला दहा रुपये दंड ठेवला. टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला पैशांसाठी. त्या आठवड्यात मला वाटलं क्लास बंद पडला. डक्टमधून आवाज म्हणून नाही. चौकशीला उतरलो तर पंचवीस माणसं बाकांवर मौनात बसलेली आणि डबा रिकामाच. सगळं संभाषण जिन्यात चाललं होतं. प्रत्येक जण पाच-पाच मिनिटांनी करंगळी दाखवून बाहेर येत होता, मराठीत मनसोक्त बोलत होता आणि आत जाऊन पुन्हा गप्प बसत होता.

त्या जिन्यातच मला या सगळ्या प्रकाराचं मूळ सापडलं असं मी मानतो. बँकेतले काका तिथं म्हणाले, "अहो, येतं हो मला. पण तो दुसऱ्या बाकावरचा चष्मेवाला आहे ना, तो हसतो."

मराठी माणूस इंग्रजाला कधीच घाबरलेला नाही. 1779 साली वडगावला तर आपण त्यांना कोंडून करारावर सह्या करायला लावल्या, आणि त्या वेळी आपल्या बाजूला कुणाला आर्टिकल्स कुठे वापरायचे ते येत होतं असं वाटत नाही. आजही आपला माणूस लंडनच्या रस्त्यात बिनदिक्कत पत्ता विचारतो. तो घाबरतो तो शेजारी उभ्या असलेल्या, इंग्रजी थोडंसं जास्त येणाऱ्या दुसऱ्या मराठी माणसाला. गोऱ्यापुढे वाक्य चुकलं तर गोरा समजून घेतो. या दुसऱ्याला मात्र अर्थ समजलेला असूनही त्याचं समाधान होत नाही. तो ओठाच्या कोपऱ्यात हसतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो.

गंमत अशी की मराठीच्या बाबतीत आपण राजे असतो. एखादी फ्रेंच बाई टीव्हीवर 'माझा आई खूप चांगला आहे' म्हणाली की आपले डोळे भरून येतात. "किती गोड बोलते!" तीन लिंगं, त्यांच्या आठ विभक्त्या, सगळं तिनं एका वाक्यात आडवं केलेलं असतं, तरी आपण तिचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकतो. आणि त्याच ग्रुपवर मेव्हण्यानं 'हॅपी बर्थडे'च्या पुढे एक 's' जास्त घातला तर तो पुढची तीन वर्षं पुरतो.

'इंग्लिश विंग्लिश' हा 2012 चा चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला. पुण्याची शशी गोडबोले, श्रीदेवीनं केलेली, न्यूयॉर्कला जाऊन चार आठवड्यांत इंग्रजी शिकते. सगळ्यांच्या लक्षात तिचे लाडू राहिले आणि शेवटचं भाषण राहिलं. माझ्या लक्षात राहिलं ते असं की त्या सिनेमात तिला खरोखर रडवतात ते नवरा आणि मुलगी. तिला कॉफी देताना खेकसणारी बाई एकच, ती पाच मिनिटांत पडद्यावरून जाते. पुण्यातले दोघे घरी असतात.

भीड मेली की भाषा सुटते याचा पुरावा लग्नाच्या वरातीत प्रत्येकानं पाहिलेला आहे. दिवसभर 'होय-नाही'पुढे न गेलेले काका पोटात दोन पेग गेल्यावर ज्या आत्मविश्वासानं 'सी, माय डिअर फ्रेंड, लाइफ इज लाइफ' म्हणतात, तो एरवी संसदेतही दिसत नाही. याला शास्त्राचा आधार मिळाला आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठात नुकतंच डच शिकलेल्या 50 जर्मन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना बेताची दारू दिली, सत्तर किलोच्या माणसाला साधारण एक मोठा ग्लास बिअर होईल इतकीच, काहींना साधं पाणी, आणि मग सगळ्यांना डचमध्ये बोलायला लावलं. कुणाला काय पाजलंय हे माहीत नसलेल्या डच लोकांनी ऐकून निकाल दिला की प्यालेल्यांचं डच थोडं बरं होतं, विशेषतः उच्चार. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 2025 साली त्याला, गमतीशीर संशोधनाला देतात त्या इग नोबेलचं शांतता पारितोषिक मिळालं. मला यातली एक बारीक गोष्ट आवडली. बोलणाऱ्यांना स्वतःला काही फरक वाटला नव्हता. म्हणजे दारूनं स्वतःविषयीचं मत उंचावलं नाही, बहुधा समोरच्याचं मत काय असेल ही काळजी तेवढी थोडी उतरली. अर्थात हा उपाय क्लासला लागू करता येत नाही. आमची सोसायटी साध्या लिफ्टलाही परवानगी देत नाही.

न पिता भीड मेलेली माणसं पाहायची असतील तर कोरेगाव पार्कात जावं. 1974 मध्ये रजनीश पुण्यात आले आणि त्यांच्यामागून भगवे झगे घातलेलं सगळं जग आलं. ते अध्यात्म किती जणांना साधलं मला ठाऊक नाही, पण तिथल्या रिक्षावाल्यांना इंग्रजी साधलं. त्यांनी क्रियापदांचे तक्ते पाठ केले नाहीत. त्यांच्या शाळेत शब्द चार: कुठं, किती, चला, उतरा. इटालियन, जपानी, जर्मन, कुणीही येवो, त्यांचंही इंग्रजी उसनंच. दोन्ही पक्ष सारखेच कच्चे असल्यामुळे कुणी कुणाला हसत नसे आणि घासाघीस मात्र चोख होई. पुण्याच्या रिक्षावाल्याचा खरा विषय म्हणजे नकार, आणि तोसुद्धा मी तिथं अस्खलित इंग्रजीत ऐकलेला आहे. "नॉट गोइंग, मॅडम. दॅट साइड, नो रिटर्न पॅसेंजर." अडचण सांगितली, कारण दिलं, मॅडम म्हणून मानही राखला. या वाक्यात क्रियापद पूर्ण असतं तर त्या बाईला रिक्षा मिळाली असती असं नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी रंगीत दगड विकणारी मंडळी याच रीतीनं जपानीही बोलतात. तिथं जपानीच्या क्लासची पाटी मी पाहिलेली नाही.

आमच्या सरांना शेवटी सर्दीनं मार्ग दाखवला. एका संध्याकाळी त्यांचा घसा पूर्ण बसला होता. शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी फळ्यावर 'बाइंग अँड सेलिंग' लिहिलं, वस्तू टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत बसून वाफारा घेऊ लागले. मावशींनी सकाळच्या उरलेल्या पुरणपोळ्या डब्यात आणल्या होत्या. गिऱ्हाईक झाले बँकेतले काका.

"हाऊ मच?" काकांनी विचारलं.

"वन पोळी, फोर्टी रुपीज."

"टू मच."

"नॉट टू मच. पुरण, होममेड. तूप, प्युअर. यू सी बाजार, फिफ्टी. अँड ड्राय."

काकांनी तीस सांगितले. मावशी डबा झाकायला लागल्या. इंजिनिअर मध्ये पडला, त्यानं दोन घेतल्यास सत्तर असा प्रस्ताव मांडला, आजींनी पुरणात जायफळ आहे का हे 'डू यू पुट जायफळ ऑर ओन्ली वेलदोडा' असं विचारलं, आणि बघता बघता अख्खा वर्ग पोळीच्या भावावर तुटून पडला. मी डक्टला कान लावून होतो. चार वर्षांत खालून एवढं इंग्रजी वर आलं नव्हतं. मग मावशींच्या तोंडून एक 'शी डोन्ट' निसटलं आणि काकांना आपली बढती आठवली. ते म्हणाले, "मावशी, 'शी डोन्ट' नाही हो. 'शी डझन्ट'. थर्ड पर्सन सिंग्युलर."

खाली शांतता पसरली. चष्मेवाला हसल्याचा आवाज आला. पूर्वीच्या मावशी असत्या तर तिथं संपलं असतं.

"यू अंडरस्टँड?" मावशींनी विचारलं.

"येस," काका म्हणाले.

"देन गिव्ह मनी."

काकांनी चाळीस रुपये दिले. खरे दिले. मावशींना पुढच्या महिन्यात कल्याणीनगरचं काम लागलं. जर्मन बाईंचं इंग्रजीही मावशींच्याच तोडीचं आहे म्हणे, त्यामुळे दोघींचं झकास जमतं. क्लासची उरलेली फी भरायला त्या आल्या तेव्हा सरांशीही इंग्रजीतच बोलल्या आणि सर थोडे अडखळले.

आजींची तयारी मात्र शेवटपर्यंत कच्ची राहिली. सर विमानतळावरचा अधिकारी होऊन दरडावून विचारायचे, "व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?" आणि आजी लाजून सांगायच्या, "माय डॉटर-इन-लॉ इज हॅविंग गुड न्यूज." सर म्हणायचे, आजी, अमेरिकेत असं म्हणत नाहीत, सरळ प्रेग्नंट म्हणा. आजी म्हणायच्या, "इश्श! परक्या पुरुषापुढे असं कसं बोलायचं? त्याला दोन डोळे आहेत, समजून घेईल की तो."

त्यानं समजून घेतलं असावं, कारण आजी सहा महिने राहून नात पाहून परत आल्या. येताना आम्हा सगळ्यांना बदाम आणले. जिन्यात बसून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. शेजारी एक मेक्सिकन आजी होती, रोज संध्याकाळी बागेत बाळाला फिरवायला यायची. तिच्याशी सांधेदुखी, सुना आणि पोह्यांसारखा एक त्यांचा पदार्थ, असं सगळं बोलून झालं. दुकानातल्या मुलीशी बोलल्या. बसच्या ड्रायव्हरशी बोलल्या. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंना बाळंतिणीला डिंकाचे लाडू का द्यायचे ते पटवून दिलं.

"म्हणजे इंग्रजी अगदी सुटलं म्हणा तुमचं," मी म्हटलं.

"सुटलं की. फक्त तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा फजिती झाली."

"काय झालं?"

"अहो, सगळ्या नऊवारी नेसून, नथ घालून आलेल्या, आणि एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या. मला विचारलंन् एकीनं, हाऊ डू यू लाइक इट हिअर?"

"मग?"

"मी नुसती मान हलवली. सगळी आपलीच माणसं हो ती."